पान एकशे बारा

ज्वारी हुरड्यात आली की
मला माळ्यावर बसवायचे, हातात गोफण देऊन.
मी गोफण मांडीखाली घालायचो
आणि मामाच्या ट्रंकेतली
पुठ्ठा नसलेली कादंबरी उघडायचो.
पाखरांनी त्या साली चार तासं साफ केली.
बापानं बडवलं, तेव्हाही डोक्यात एवढंच
की ती होडी पलीकडं लागली का नाही.

मग हिंगोलीला डी.एड. केलं.
उतारा म्हणजे काय ते शिकलो
आणि उतरतच गेलो.

सव्वीस वर्षं झाली वसमतच्या अलीकडच्या या शाळेत.
आता पुस्तकात नदी आली
की मी समानार्थी शब्द मोजतो.
कुणी दाराआड रडलं की विचारतो,
ती का रडली असेल? दोन गुण.
शेवटच्या पानावर पोचायच्या आधीच
मध्यवर्ती कल्पना हातात येते,
मेलेल्या कोंबडीसारखी, पायाला धरून.
लाल पेनाशिवाय वाचता येत नाही.
बायको लग्नपत्रिका लपवून ठेवते माझ्यापासून.

पोरगी पुण्याला गेली, पहिल्याच महिन्यात
मोबाईलवर तिनं लिहिलं,
बाबा, तुमची लई आठवन येते.
मी लगेच उत्तर धाडलं :
आठवण. बाणातला ण.
तेव्हापासून ती फोटो पाठवते.

फाल्गुनात केंद्रप्रमुख येणार होते.
ग्रंथालयाचं कपाट झटकायला काढलं.
पालीची अंडी, गांडूळखताची पत्रकं,
आणि एका जाड कादंबरीच्या कडेला
पिवळी बोटं.
नवव्या पानावर, सतराव्या, साठाव्या,
कुठं कुठं अंगठा आख्खा उठलेला.
एकशे बारापर्यंत.
पुढं कोरं.

सातवीच्या पोरांची बोटं तपासली रांगेत.
सगळ्यांचीच पिवळी.
गावभर हळद शिजायलेली, कोण हात धुतंय.

कपाटाची किल्ली खिचडीच्या खोलीत
खिळ्याला असते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.
दुपारी दोनला पातेली पालथी घालून
गयाबाई उंबऱ्यात बसलेली दिसली,
ओळीखाली बोट, ओठ हलायलेले,
शेवंतीला शिकवताना स्वतःच शिकली म्हणे.
मला बघून पुस्तक पदराखाली.
मी म्हटलं, वाचा की. चांगलं आहे.
पुढं त्या बाईचा नवरा परत ये—

सांगू नका सर!
तिनं खरंच कानावर हात ठेवले.
गालांवर, कानांवर हळद लागली.
मी वाचायलेय ना हळूहळू.
तुम्ही सांगितलं तर मी कशाला वाचू?

मी तसाच उभा राहिलो.
सव्वीस वर्षांत मला कुणी
गप्प बसा म्हटलं नव्हतं,
गोष्टीसाठी तर नाहीच.

आता कादंबरी एकच आणि वाचणारे दोन.
दुपारी तिच्याकडं, शाळा सुटली की माझ्याकडं.
पेन मी टेबलाच्या खणात ठेवून निघतो.
पहिल्या आठवड्यात हात नुसताच
खिशाकडं जायचा, पोलिसासारखा.
मंगळवारी साडेपाचची एसटी माझ्यासमोरून गेली.
कंडक्टरनं हाक मारली होती म्हणतात.

काल गयाबाईनं एकशे चव्वेचाळीसावं पान
माझ्यासमोर धरलं.
हे लाल कुणी केलंय?
मला वाटलं इथं कुणीतरी मरणार.
रात्रभर झोप नाही, सकाळी धीर करून वाचलं,
तर कुणीच मेलं नाही.

अक्षर माझंच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं.
रेघ दोनदा ओढलेली, बाजूला 'महत्त्वाचे'.
वाक्य असं होतं :
तिनं दार लोटलं आणि दिवा लावला.

बराच वेळ बघत राहिलो.
काय महत्त्वाचं वाटलं असेल मला तेव्हा,
आठवेना.
गयाबाई म्हणाली, जाऊ द्या,
तुम्ही पुढचं पान उलटा,
माझे हात ओले हायेत.